डोक्याला २.३, नाकपुडीला ९

मधमाशी पंखांना चिमट्यात धरायची, ठरलेल्या जागी कातडीवर टेकवायची, तिनं नांगी मारली की एक मिनिटभर ती नांगी तशीच रुतू द्यायची, मग उपटायची आणि वहीत एक आकडा लिहायचा. १ ते १० मधला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मधमाश्यांवर संशोधन करणाऱ्या मायकेल स्मिथ या विद्यार्थ्यानं २०१२ साली स्वतःच्या अंगावर हा उद्योग केला. शरीरावरच्या २५ जागा निवडल्या, प्रत्येक जागी तीनदा डंख, म्हणजे एकूण ७५. शिवाय रोज सुरुवातीला एक आणि शेवटी एक डंख कोपराखालच्या हातावर. त्या डंखाचे गुण कायमचे ठरलेले, ५. बाकीच्या वेदना त्याच्याशी ताडून पाहायच्या.

सर्वांत कमी गुण तीन जागांना मिळाले: डोक्याची कवटी, पायाच्या मधल्या बोटाचं टोक आणि दंड. तिघांनाही २.३. सर्वांत वर नाकपुडी, ९. तिच्या खालोखाल वरचा ओठ, ८.७. पुरुषाच्या ज्या अवयवाला पहिला नंबर मिळेल असं कुणीही पैज लावून सांगितलं असतं, तो ७.३ गुणांवर तिसरा आला. गाल आणि तळहात ७ वर बरोबरीत. नाकपुडीचा डंख नुसता दुखून थांबत नाही; शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, नाक गळायला लागतं, सगळं डोकं त्यात ओढलं जातं. या प्रयोगावरचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी स्मिथला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं ते बक्षीस.

एका माणसाच्या अंगावरचे ७५ डंख म्हणजे काही जगाचा नियम नव्हे. स्मिथनंही तसा दावा केलेला नाही. तरी त्या तक्त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कवटी आणि नाकपुडी यांच्यात जेमतेम एका वितीचं अंतर. कपाळापासून थेट माथ्यापर्यंतच्या कातडीची खबर मेंदूला देतो तो मज्जातंतू आणि नाकपुडीची खबर देतो तो, हे दोन नाहीत, एकच आहेत. ट्रायजेमिनल नावाचा हा मज्जातंतू मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी पाचवा आणि सर्वांत जाड. त्याच्या तीन फांद्या: एक डोळा-कपाळाची, दुसरी गाल-नाक-वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. त्याच्या संवेदनेच्या मुळात दीड लाखाच्या आसपास तंतू असतात. म्हणजे एकाच तारेवर एका टोकाला २.३ आणि दुसऱ्या टोकाला ९. ‘चेहरा नाजूक असतो’ एवढ्यानं याचा उलगडा होत नाही.

नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: चेहऱ्यावर नसा दाट, म्हणून दुखतं जास्त. या दाटपणाचे आकडे खरोखर डोळे फिरवणारे आहेत. आधी ते पाहू. मग त्यांच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येईल.

१८३४ साली अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं कंपासची दोन टोकं माणसाच्या अंगावर टेकवून विचारायला सुरुवात केली, एक टोक जाणवतं की दोन? बोटाच्या अग्रावर टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी ती दोन म्हणून कळतात. ओठांवर पाचेक मिलिमीटर, गालावर सातेक, कपाळावर १५. पाठीवर आणि पोटरीवर मात्र चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर लागतं. दोन टोकं तीन सेंटिमीटरवर ठेवून पाठीला टेकवली, तर माणूस निःशंकपणे सांगतो, एकच आहे.

शेफिल्ड विद्यापीठातल्या जुलिया कॉर्नियानी आणि हानेस साल यांनी २०२० साली आजवरच्या मोजण्या एकत्र करून सगळ्या अंगाची गोळाबेरीज मांडली. तरुण माणसाच्या कातडीत स्पर्शाचे जलद तंतू सुमारे २,३०,०००. त्यांतले १५ टक्के दोन्ही तळहातांत, आणि १९ टक्के चेहरा व ओठांच्या भागात. आता भाजलेल्या रुग्णाची जखम मोजताना डॉक्टर जो नवाचा नियम वापरतात तो शेजारी ठेवून बघा. त्यात पूर्ण डोकं ९ टक्के धरतात, म्हणजे पुढची बाजू साडेचार टक्के. पाठ १८ टक्के. देहाच्या जवळजवळ बाविसाव्या हिश्शात स्पर्शाचे ४३-४४ हजार तंतू कोंबलेले आहेत, म्हणजे एकूण साठ्याचा पाचवा भाग. वय वाढतं तसे दर दहा वर्षांनी यांतले ५ ते ८ टक्के गळत जातात.

पण हे सगळे स्पर्शाचे तंतू. वेदनेचे तंतू वेगळे, बारीक आणि मंद. ते दाटीनं कुठे आहेत हे पाहायचं तर डोळ्यापाशी जायला हवं.

डोळ्यात कुसळ गेलं म्हणून घरातली चार माणसं टॉर्च घेऊन जमतात आणि निघतो काय, तर पापणीचा एखादा केस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, डॉक्टर ज्याला कॉर्निया म्हणतात, त्याचा व्यास साडेअकरा-बारा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी अर्धा मिलिमीटर. रक्तवाहिनी एकही नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. पण वेदनेच्या तंतूंची टोकं, एका प्रसिद्ध अंदाजानुसार, दर चौरस मिलिमीटरला ७,०००. साध्या कातडीपेक्षा ३०० ते ६०० पट, आणि दाताच्या नसेपेक्षा २० ते ४० पट. पडद्याचं क्षेत्रफळ १३० चौरस मिलिमीटरच्या आसपास धरलं तर एका डोळ्यात ९ लाख टोकं. दोन शेजारच्या टोकांमध्ये सरासरी अंतर निघतं एका मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढं. डोक्याचा केस ७० मायक्रॉन जाडीचा धरा. त्याचं नुसतं कापलेलं टोक या पडद्यावर टेकलं, तरी त्याच्याखाली पंचवीसेक टोकं सापडतात. तिथे कुसळाला लपायला जागा नाही.

इथपर्यंत आलं की पुढची उडी फार सोपी वाटते: म्हणजे डोळा कातडीच्या ६०० पट दुखतो. असं छापलेलंही आढळतं. मला ते पटत नाही, आणि न पटायला कारण आहे. ही ९ लाख टोकं म्हणजे ९ लाख स्वतंत्र तारा नव्हेत. पडद्याच्या कडेनं आत शिरणाऱ्या जाड फांद्या काही डझन असतात. त्याच फुटत फुटत जातात. प्राण्यांवरच्या मोजण्यांत एका कॉर्नियासाठी राबणाऱ्या मज्जापेशी काही शेकड्यांतच भरल्या आहेत. एकेका पेशीच्या फांद्या एकमेकींवर चढून पसरलेल्या. त्यामुळे कण कुठेही पडो, खबर जाते. तो नेमका कुठे पडला हे मात्र सांगता येत नाही; म्हणून तर डोळ्यातला केस शोधायला दुसरा माणूस लागतो. दाटी आहे ती एकही कण निसटू नये यासाठी. वेदनेचा आकार वेगळ्याच ठिकाणी ठरतो.

शेतात काम करणाऱ्यांना या जाळ्याचं मोल ठाऊक असतं. उसाचं पातं किंवा भाताचं टोक डोळ्याला ओरखडून गेलं आणि दुखणं अंगावर काढलं, तर बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर फूल पडतं. आपल्याकडे बुबुळाच्या जखमा चिघळण्यामागे ही वनस्पतींची ओरखडणी हे एक मोठं कारण आहे.

याच पडद्यावर १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनच्या द्रावणाचे थेंब घालून पाहिले. आधी बेडकाच्या डोळ्यात, मग सशाच्या, आणि शेवटी स्वतःच्या. मग टाचणीचं डोकं स्वतःच्या बुबुळाला टेकवलं. काही कळलं नाही. एका जागेपुरती भूल देण्याची सुरुवात झाली ती अशी, शरीरावरच्या सर्वांत जागरूक जागेपासून. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून होते आणि पुष्कळदा भूल म्हणून घालतात ते नुसते थेंब. ९ लाख टोकं मिनिटभरात गप्प.

आता दाताकडे. प्रौढ माणसाच्या ३२ दातांमधली सगळी नस, म्हणजे आतला मऊ पल्प, एकत्र केला तर भरतो ०.३८ मिलिलीटर. सलाइनच्या साध्या नळीतून २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो. त्या हिशेबानं सगळ्या तोंडाची नस सात-आठ थेंब. एका दाताच्या वाट्याला थेंबाचा चौथा भागही येत नाही. पण त्या पावथेंबाभोवती डेंटिनची भिंत असते आणि तिला आरपार बारीक नळ्या. नसेलगत दर चौरस मिलिमीटरला ४५ हजार किंवा त्याहूनही जास्त, बाहेर इनॅमलकडे जाताना २० हजारांपर्यंत विरळ. नळीची रुंदी एक ते अडीच मायक्रॉन. प्रत्येकीत द्रव. स्वीडनच्या मार्टिन ब्रेन्स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की इनॅमल झिजून नळ्यांची तोंडं उघडी पडली की थंड पाणी, गोड घास, नुसती हवेची फुंकर, सगळ्यांनी हा द्रव हलतो आणि आतले तंतू ताणले जातात. बर्फाचा थंडपणा किंवा पेढ्याचा गोडवा तंतूंपर्यंत पोचत नाही. पोचते ती फक्त हालचाल, आणि तिला आतून एकच उत्तर येतं: कळ.

दाताच्या नसेत टोकं डोळ्यापेक्षा २० ते ४० पट कमी, हे वर आलंच आहे. रात्री दोन वाजता दाढ ठणकत असलेल्या माणसाला हा हिशेब सांगून बघा.

आणि त्याच दाढेपाशी, गालाच्या आतल्या बाजूला, एक अजब जागा आहे. फ्रीडरिख किझो या जर्मन शास्त्रज्ञानं १८९४ साली तिची नोंद केली. खालच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या अस्तराचा एक पट्टा असा, की तिथे टोचलं तर टोचल्याचं कळतं, पण दुखत जवळजवळ नाही. एका बाजूला दाढ, दुसऱ्या बाजूला सोलून निघतील असे ओठ, आणि मधोमध हा बधिर तुकडा. चेहरा सरसकट हळवा नाही, हे सांगायला एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

वेदनेला किलो-मीटरसारखं माप असावं, हा हट्ट शास्त्रज्ञांनी धरून पाहिला. न्यूयॉर्कमध्ये जेम्स हार्डी, हॅरोल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी १९४० साली स्वतःच्या कपाळांना काळी शाई फासली, म्हणजे सगळी उष्णता शोषली जावी, आणि त्यावर दिव्याचा झोत तीन-तीन सेकंद सोडला. कातडीचं तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की दुखायला सुरुवात. तिथून त्यांनी एककं आखली, नाव दिलं ‘डोल’. पट्टी साडेदहा डोलांवर संपायची. त्यापुढे उष्णता वाढवली तरी वेदना वाढल्याचं सांगता येत नसे. ४५ अंशांचा आकडा टिकला. डोल गेला, कारण इतरांच्या प्रयोगशाळांत आकडे जुळेनात: तोच झोत, तेच कपाळ, पण माणूस बदलला, मनःस्थिती बदलली की वेदना वेगळी.

२०१४ साली लंडनमध्ये फ्लाविया मान्चिनी आणि सहकाऱ्यांनी वेबरचाच प्रश्न वेदनेपुरता विचारला. २६ निरोगी माणसं, आणि कंपासऐवजी लेझरचे दोन झोत, म्हणजे स्पर्शाची सरमिसळ नको. कुठे दुखतंय हे सर्वांत अचूक सांगता आलं ते दोन जागी: कपाळावर आणि बोटांच्या अग्रांवर. हातावर मात्र उलटंच चित्र निघालं. स्पर्शाची अचूकता खांद्याकडून खाली वाढत जाते. लवदार कातडीवर वेदनेची अचूकता वर खांद्याकडे वाढत जाते. त्याहून मोठा धक्का आधीच्या वर्षी मिळाला होता. बोटाच्या अग्रावर वेदनेच्या तंतूंची टोकं मोजली तर ती तळहाताच्या मागच्या बाजूपेक्षा कमी भरली. टोकं कमी, अचूकता जास्त. म्हणजे कातडीतल्या तारा मोजून वेदना कळत नाही. त्या तारांचं पुढे मेंदूत काय होतं ते पाहावं लागतं.

एक साधा फरक अंतराचा. वेदनेचे मंद तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर वेगानं खबर नेतात, म्हणजे चालणाऱ्या माणसाइतक्या. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत मीटरभर वाट, म्हणून साधारण एक सेकंद. पलंगाच्या पायाला अंगठा आपटला की आपटल्याचं आधी कळतं, मग क्षणभर आपण वाट पाहतो, आणि मग खरी आग येते. ती वाट पाहणं हा या मीटरभराचा प्रवास. ओठापासून मेंदूच्या बुडापर्यंत अंतर १२-१५ सेंटिमीटर. तिथे श्वास आवळून धरायलाही वेळ मिळत नाही.

पण खरा फरक मार्गाचा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फॅन वांग यांच्या प्रयोगशाळेनं २०१७ साली उंदरांमध्ये तो शोधून काढला. हातापायांची वेदना आधी पाठीच्या कण्यात उतरते, तिथे दुसऱ्या पेशीच्या हवाली होते आणि मग मेंदूच्या देठातल्या एका केंद्राकडे जाते. हे केंद्र पुढे भीती आणि नकोसेपणा जागवणाऱ्या भागांना जोडलेलं आहे. चेहऱ्याच्या वेदनेलाही असा वळसा आहेच, पण त्याखेरीज चेहऱ्याच्या काही पेशींची तार मध्ये कुठेही न थांबता थेट त्या केंद्रात जाते. हातापायांची वेदना तालुक्याला गाडी बदलून मुंबई गाठते. चेहऱ्याला दारातून थेट एसटी आहे. वांग यांच्या गटानं हीच तार प्रकाशाच्या साहाय्यानं चेतवली, तर उंदीर ती जागा टाळू लागले, दुखल्यासारखे ओरडू लागले. तार गप्प केली, तर चेहऱ्याच्या वेदनेचा छळ ओसरला.

माणसाच्या कवटीत असा प्रयोग करता येत नाही. पण जर्मनीत एसेन इथे निरोगी माणसांना चेहऱ्यावर आणि हातावर सारख्याच तीव्रतेचा गरम चटका देऊन पाहिला, तेव्हा चेहऱ्याच्या चटक्याची भीती जास्त वाटल्याचं त्यांनी सांगितलं. तीव्रता तीच, धास्ती वेगळी. नाकपुडीचा ९ कदाचित इथून येतो. ‘कदाचित’ म्हणतो, कारण स्मिथच्या वहीत दुखणं आणि घाबरणं यांचे रकाने वेगळे नव्हते. कुणाच्याच वहीत नसतात.

मेंदूत वेदनेचं एकच ठिकाण सापडेल ही आशाही आकड्यांनीच मोडली. मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून शरीराचा नकाशा काढला. मेंदूला स्वतःला दुखत नसल्यानं हे जमलं. त्या नकाशात ओठ, जीभ आणि हात राक्षसी मोठे, पाठ आणि पाय कुठल्या कुठे. पण तो नकाशा प्रामुख्यानं स्पर्शाचा. फ्रान्समध्ये लियोंच्या डॉक्टरांनी १६४ रुग्णांवरच्या ४,१६० चेतवण्यांचा हिशेब २०१२ साली मांडला, तेव्हा वेदना जाणवली होती फक्त ६० वेळा. दीड टक्काही नाही. त्या ६० जागा खोल घडीत, एका लहानशा टापूत.

कातडी पूर्ण धडधाकट असताना चेहरा किती दुखू शकतो, हे पाचव्या मज्जातंतूच्या एका आजारात दिसतं. ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. झटका येतो तो विजेच्या सणकेसारखा. सेकंदाच्या अंशापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत. दिवसात किती वेळा येईल याला गणती नाही. निमित्त काहीही: दात घासणं, दाढी करणं, घास चावणं, पंख्याचा वारा. १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी त्याचं नीट वर्णन केलं. अभिनेते सलमान खान यांनी या दुखण्याविषयी जाहीरपणे सांगितलं, तेव्हा आपल्याकडे हे नाव बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. सणक बहुतेकदा जबड्यात येत असल्यानं रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो. चांगल्या दाढा उपटून झाल्यावर दुखणं तसंच राहिल्याच्या कहाण्या जगभरच्या वैद्यकीय नोंदींत आहेत.

मूळ दुखणं पुष्कळांत असतं मेंदूच्या बुडाशी, जिथे हा मज्जातंतू आत शिरतो त्या काही मिलिमीटरच्या टापूत. एखादी रोहिणी तिथे वेटोळं घालून टेकलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला तंतूंचं आवरण घासत राहते. १९६२ पासून फिटवरचं कार्बामाझेपिन हे औषध यावर वापरतात आणि पुष्कळांना ते लागू पडतं. पुरेसं पडेनासं झालं, तर पिट्सबर्गच्या पीटर जानेटा यांनी रुळवलेली शस्त्रक्रिया. कानामागे चीर, दुर्बिणीखाली रोहिणी बाजूला सारायची आणि तिच्या व मज्जातंतूच्या मध्ये टेफ्लॉनचा पिंजलेला तुकडा ठेवायचा. १९९६ साली त्यांच्या गटानं १,१८५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. १० वर्षांनंतर सुमारे ७० टक्के रुग्णांना औषध न घेताही दुखत नव्हतं. त्यांच्या गालाच्या कातडीला या सगळ्यात कुणी हातही लावलेला नव्हता.